खैरवाडीत अशी कोणी नाही

ज्ञानबा पोलेचा कुणावर विश्वास बसलाय, असं खैरवाडीत आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. जीपवाला "बसा, लगेच निघू" म्हणाला की हा खाली उतरून टायर दाबून बघायचा. डॉक्टरनं गोळी दिली तर आधी अर्धीच खायचा, आणि दुसऱ्या दिवशी आपण जिवंत आहोत याची खात्री झाली की उरलेली अर्धी. संध्याकाळी मेंढरं आधी स्वतः मोजायचा, मग बायकोकडून मोजून घ्यायचा, आणि दोघांचा आकडा जुळला तरी कौशल्याबाईकडं असा बघायचा, जणू तिनं शेजाऱ्याचं एखादं मेंढरू आत घुसडून आकडा जुळवलाय.

अशा माणसाच्या घरी मार्च महिन्यातल्या एका दुपारी नोकरी चालून आली. ती आली हैदराबादहून, त्याच्या लेकीसाठी, सीमासाठी.

सीमा चोवीस वर्षांची होती. नांदेडला राहून तिनं बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी केलं, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. या दोन वर्षांत तिनं किती कंपन्यांना अर्ज केले याचा हिशेब तिनं स्वतःच ठेवणं सोडून दिलं होतं. निम्म्यांनी उत्तरच दिलं नाही. उरलेल्यांना अनुभव पाहिजे होता, आणि अनुभव द्यायला कुणी तयार नव्हतं. घरी ज्ञानबानं स्पष्ट सांगून ठेवलं होतं की या लगीनसराईपर्यंत नोकरी लागली तर लागली, नाही तर स्थळं बघायला सुरुवात. म्हणून या वेळी मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा तिनं आईला सांगितलं, "माय, हे शेवटचं हाय. हे गेलं की मी बी गेले."

मुलाखत मोबाइलवर होती. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. सीमा टाकीच्या पायरीवर ओढणीनं ऊन अडवून पाऊण तास बोलत बसली, आणि टाकीच्या दुसऱ्या अंगाला काठी टेकून ज्ञानबा पाऊण तास उभा राहिला. सगळं बोलणं इंग्रजीत असल्यामुळं त्याला एक अक्षर कळलं नाही. पण पलीकडचा माणूस दोनदा हसला आणि सीमा एकदा हसली, एवढं त्यानं बरोबर टिपून ठेवलं.

चौथ्या दिवशी निवड झाल्याचं पत्र मोबाइलवर आलं. कौशल्याबाईनं देवापुढं साखर ठेवली. ज्ञानबानं विचारलं, "पैशे किती मागतेत?"

"काहीच न्हाई मागत, आबा."

"डिपॉझिट?"

"न्हाई."

"टरेनिंगचे?"

"उलट टरेनिंगमधी पगार देतेत."

इथं ज्ञानबाचे कान टवकारले. दोन-चार हजार मागितले असते तर तो ओरडला असता, भांडला असता, पण त्याच्या मनाला समजेल असं काही तरी झालं असतं. हे फुकटचं प्रकरण त्याला फार वाईट वाटलं. "जे पैशे मागत न्हाईत," तो कौशल्याबाईला बाजूला घेऊन म्हणाला, "ते मंग पोरगीच मागत असतील."

आता खरं सांगायचं तर त्याच्या संशयाला अगदीच बूड नव्हतं असं नाही. शेजारच्या संतरामचा पोरगा रणजीत असाच दोन वर्षांपूर्वी 'बायोटेक कंपनीत सुपरवायझर' म्हणून नागपूरला गेला होता. महिन्याभरानं परत आला तो गळ्यात टाय आणि डोक्यावर पावडरीच्या डब्यांचं खोकं घेऊन. डबे विका, दोन मित्र जोडा, त्या मित्रांनी आणखी दोन जोडायचे, हीच ती नोकरी. पोराला उभं करायचं म्हणून संतरामनं गावभर डबे खपवले. सगळी खैरवाडी महिनाभर दुधात पावडर घालून पीत होती. कुणाला काही झालं नाही, कुणाचं काही गेलंही नाही, आणि चार डबे अजून द्वारकाबाईच्या दुकानात वरच्या फळीवर धूळ खात पडलेत.

खात्री करायला ज्ञानबा जीपनं गोरेगावला गेला. तिथं देविदासचं खताबियाण्याचं दुकान. देविदास चार बुकं शिकलेला, रोज कंपन्यांच्या माणसांशी बोलणारा.

"बायोटेक कंपनी कशी अस्ते हो, देविदासराव?" ज्ञानबानं विचारलं.

देविदास हसला आणि त्यानं मागच्या मांडणीकडं बोट केलं. "कोनती पायजे? आठ बायोटेक तर माझ्याच दुकानात हाईत. ह्या बाटलीनं सोयाबीनला फुलं लागतेत म्हनं, ह्या बाटलीनं हळद पोसती म्हनं."

"अन् लागतेत का?"

"म्हनं," देविदास म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

ज्ञानबा घरी आला तो तोंड लांब करून. सीमा तेव्हा अंगणात हळद निवडत होती. तिनं त्याला समोर बसवलं. चिडली नाही, कारण चिडून तिच्या बापाशी कुणाचंच भागलेलं नव्हतं.

"आबा, मेंढराला देवी येते, तवा डॉक्टर लस टोचतेत का न्हाई?"

"टोचतेत."

"ती लस ही कंपनी बनवते. बनली की ती बराबर हाय का न्हाई, हे बाटलीतून काढून तपासायचं. ते माजं काम."

"म्हंजे ती बराबर नसते बी?"

"नसू शकते. म्हून तर तपासायचं. तपासणाऱ्यानं बनवणाऱ्यावर भरोसा ठेवायचा न्हाई, हाच नेम हाय तिथला."

दिवसभर बसून शक घ्यायचा आणि महिना भरला की पगार उचलायचा, अशी नोकरी जगात असते, हे ज्ञानबाला पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. "हे काम तर मी बी केलं असतं," तो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं मुंडासं काढून खुंटीला अडकवलं. सीमाला वाटलं, जमलं.

जमलं नव्हतं. दोनच दिवसांनी ज्ञानबाला दिसलं की मायलेकी काही तरी कुजबुजतायत आणि तो आला की बोलणं थांबतं.

कुजबूज साधीच होती. कंपनीनं कळवलं होतं की पोरगी दिल्या पत्त्यावर खरोखर राहते का, हे बघायला एक माणूस गावात येईल, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारील, आणि त्याचा अहवाल ठीक आला की मगच एक तारखेला कामावर घेतील. सीमानं आईला सांगितलं आणि वर म्हणाली, "आबाला सांगू नको. त्या माणसाचंच आधार कार्ड मागत बसतील." कौशल्याबाईला ते पटलं. बापाला सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण संशयी माणसाच्या घरात लोक खऱ्या गोष्टीही लपवायला शिकतात, आणि मग त्या माणसाला संशय घ्यायला खरंच कारण मिळतं.

ज्ञानबानं कुणाला काही विचारलं नाही. विचारलं की समोरचा सावध होतो, असं त्याचं मत होतं. तो फक्त बघत राहिला. सीमा टाकीपाशी फोनवर बोलायला गेली की त्याची मेंढरं नेमकी टाकीपाशीच चरायला जायची.

त्यानंतरच्या मंगळवारी सीमा वैद्यकीय तपासणीचा कागद आणायला हिंगोलीला गेली. कौशल्याबाई दुसऱ्याच्या शेतात हळद शिजवायला गेली होती. घराला कुलूप. ज्ञानबा आणि संतराम गावाच्या तोंडाशी लिंबाखाली मेंढरं बसवून तंबाखू मळत होते. तेवढ्यात एक लाल मोटारसायकल आली. वर पंचविशीतला पोरगा, डोळ्यांवर काळा चष्मा, पाठीला बॅग. त्यानं गाडी थांबवून आधी मोबाइलवर गावाच्या पाटीचा फोटो काढला, आणि तिथंच ज्ञानबाचं मन बिघडलं.

"काका, सीमा ज्ञानबा पोले कुठं राहते?"

संतरामचं तोंड उघडलं होतं. ज्ञानबानं त्याच्या मांडीला चिमटा घेतला.

"तुमी कोन गावचे?"

"मी हिंगोलीहून आलो."

"कोनाचे?"

"कोणाचे म्हणजे? मी कामासाठी आलोय. सकाळपासून फोन लावतोय तिला, लागत नाही."

म्हणजे याच्याकडं नंबर होता! फोनवर दोनदा हसलेला तो हाच असणार, याबद्दल ज्ञानबाला आता शंका उरली नाही.

"काय काम काढलं?"

"काही नाही, दोन-तीन प्रश्न. ती इथं किती वर्षांपासून राहते, घरात कोण कोण असतं, वागायला कशी आहे, एवढंच. कोणत्या कंपनीसाठी ते मलाही सांगत नाहीत, आम्हाला नुसता पत्ता येतो."

घरात कोण कोण असतं. वागायला कशी आहे. या काठीनं याची गाडी फोडावी असं ज्ञानबाला मनापासून वाटलं. पण गाडी फोडली की उद्या गावभर लेकीचं नाव. त्यानं तंबाखूची चिमूट ओठात ठेवली, थुंकून आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "अशी कोनी पोरगी न्हाई आमच्या गावात."

"नक्की? ज्ञानबा पोले?"

"त्यो बी न्हाई."

संतराम मेंढराकडं बघत राहिला.

पोरगा बरा होता बिचारा. त्यानं मोबाइलवर काही तरी लिहिलं आणि विचारलं, "काका, तुमचं नाव सांगा. शेजारी म्हणून लिहावं लागतं. एक फोटो घेतो, आणि इथं बोटानं सही करा."

ज्ञानबानं जन्मात कुठल्या कागदावर वाचून घेतल्याशिवाय सही केली नव्हती आणि वाचून घेतल्यावरही निम्म्या वेळा केली नव्हती. पण बला टळत असेल तर सही काय चीज आहे. "संतराम," तो म्हणाला, मुंडासं नीट केलं, एक कोकरू काखेत घेतलं आणि फोटोसाठी ताठ उभा राहिला. खऱ्या संतरामला ठसका लागला. ज्ञानबानं काचेवर बोटानं संतरामची सही ठोकून दिली.

पोरगा पुढं गावात गेला. पहिलंच दुकान द्वारकाबाईचं. आता खैरवाडीची एक रीत सांगायला पाहिजे, नाही तर पुढचं कळायचं नाही. वसुलीवाले, वायरमन, समन्सवाले, कोण कोण येतात आणि नाव घेऊन माणूस विचारतात. म्हणून गावानं न ठरवता ठरवून टाकलंय, की बाहेरच्याला पहिल्या माणसानं जे सांगितलं, तेच शेवटच्या माणसानं सांगायचं.

"सीमा पोले?" द्वारकाबाई म्हणाली. "पयले कोनाला इचारलं?"

"तिकडं मेंढ्या घेऊन बसलेल्या काकांना."

"मंग? त्ये काय म्हनले?"

"अशी कोणी नाही म्हणाले."

"मंग न्हाई," द्वारकाबाई म्हणाली आणि शेंगदाणे तोलायला लागली.

पुढच्या तीन दारांतही हेच झालं. पोरगा परत जाताना लिंबाखाली थांबला, पाणी प्यायला आणि "थँक्यू संतराम काका" म्हणून निघून गेला. ज्ञानबाला वाटलं, आपण आज लेकीला वाचवलं. मग तो गावभर फिरला आणि चार तोंडांना सांगून आला की हे आमच्या घरी कळता कामा नये.

दोन दिवस त्यानं ते पोटात ठेवलं. सीमाकडं बघायचा आणि नजर काढून घ्यायचा. लहानपणी ताप आला की मेंढरं सोडून ज्या पोरीला खांद्यावर टाकून गोरेगावपर्यंत चालत गेलो, ती आपल्याला फसवतेय, हे त्याला सहन होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी शेळी पिळता पिळता तो कौशल्याबाईला म्हणाला, "हैदराबाद बिदराबाद काही न्हाई. डोंगरकड्याचं स्थळ हाय, त्याला निरोप धाडतो."

"काहून? काय झालं?"

"झालं काही न्हाई. व्हायच्या आदी."

दुपारी तो भाकरी खायला बसला होता. सीमा टाकीकडून आली. दाराच्या चौकटीला धरून ती म्हणाली, "माय, गेली नोकरी."

"कशी गेली?"

"म्हनतेत पत्ता खोटा हाय. गावात अशी कोनीच राहत न्हाई म्हनं. शेजाऱ्यानं सही करून दिली." तिचा आवाज फाटला. "सात दिवसांत खुलासा द्या म्हनतेत, न्हाई तर रद्द. माजं गाव म्हनतंय, मी न्हाईच."

"कोन मुडदा म्हनला असं?" कौशल्याबाई उठलीच.

"त्या मंगळवारी माणूस आला व्हता तपासायला. मी हिंगोलीत, फोन बंद पडलेला. त्यानं आपल्या संतराम काकाला इचारलं म्हनं." सीमानं मोबाइलवर अहवालातला फोटो बोटांनी मोठा केला. घास ज्ञानबाच्या तोंडात तसाच राहिला. तिनं फोन वळवून त्याच्या समोर धरला. फोटोत मुंडासं नीट होतं, काखेत कोकरू होतं आणि ओठांवर हसू होतं.

"हे संतराम कोन, आबा?"

ज्ञानबाला वाटलं, जमीन फाटावी. ओरडली असती, ताट उडवलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती फोन धरून उभी राहिली. कौशल्याबाईनं फोटो बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काहून केलं तुमी हे?" ती म्हणाली. "चोवीस वरसं जिला वाढवलं, ती न्हाईच म्हनले? जीभ झडली न्हाई तुमची?"

"मला वाटलं, कोनी पोरगा..."

"काय वाटलं?" सीमानं विचारलं.

ज्ञानबानं हातातली भाकरी ताटात ठेवली. पण तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावरचं रडू एकदम थांबलं आणि त्याच्या जागी जे आलं ते रडण्यापेक्षा वाईट होतं. "बरं," एवढंच म्हणून ती आत गेली. त्यानंतर ती बापाशी बोलेनाशी झाली.

सीमानं कंपनीला खुलासा लिहिला. कंपनीनं सांगितलं, पुन्हा एकदा तपासणी होईल, पण माणूस तोच जाईल, आणि ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला लागेल. अहवालात त्या माणसाचं नाव आणि नंबर होता. विजयकुमार. कौशल्याबाईनं तो नंबर कागदावर उतरवून घेतला आणि नवऱ्यापुढं टाकला. "तुमीच लावा फोन."

ज्ञानबानं टाकीपाशी जाऊन लावला. "मी ज्ञानबा पोले बोलून राहिलो. सीमाचा बाप. खैरवाडी."

पलीकडून विजयकुमार म्हणाला, "खैरवाडीत ज्ञानबा पोले नाहीत. माझ्याकडं सही आहे."

"ती सही माझीच हाय."

"ती तर संतराम काकांची आहे."

"मीच संतराम. म्हंजे न्हाई. म्या खोटं सांगितलं व्हतं."

"मग आता खरं कशावरून?" विजयकुमारनं विचारलं. "काका, तुमच्यामुळं माझी नोकरी जायची वेळ आलीय. चुकीचा अहवाल दिला म्हणून मला वरून शिव्या पडल्यात. तुम्हीच बाप आहात याला पुरावा काय?"

ज्ञानबानं आयुष्यभर लोकांना विचारलेला प्रश्न त्याला पहिल्यांदा कुणी तरी विचारला होता. शेवटी "शुक्रवारी येतो, पण या वेळी सगळे शेजारी समोर पाहिजेत" म्हणून विजयकुमारनं फोन ठेवला.

मग ज्ञानबा गावात दारोदार फिरला. ते दोन दिवस त्याला मेंढरांचंही भान नव्हतं. आधी 'नाही' म्हणायला लावलेल्या लोकांना आता 'हो' म्हणायला लावायचं होतं, आणि खैरवाडी काही इतकी भोळी नव्हती.

"आता व्हय म्हनायचं?" द्वारकाबाईनं डोळे बारीक केले. "परवा न्हाई, आज व्हय? ज्ञानबा, तुमाला कोनी दम दिला का? काय केलं पोरीनं?"

"काही केलं न्हाई तिनं. म्या केलं."

"असंच म्हनावं लागतं बापाला," द्वारकाबाई समजुतीनं म्हणाली.

चारही दारांत त्याला हेच ऐकावं लागलं. जो तो त्याच्याकडं बारकाईनं बघायचा, खोलात काही तरी आहे असं समजून मान हलवायचा. पोरीच्या नावाला जपायला म्हणून जे केलं, त्यानंच पोरीच्या नावाची चर्चा सुरू झाली होती. संतरामनं तेवढं काही विचारलं नाही. "सही मात्र माझ्यापेक्षा तुजीच बरी आली," असं म्हणून त्यानं पाठीवर थाप मारली.

शुक्रवारी सकाळी दहाला लाल मोटारसायकल पोल्यांच्या दारात उभी राहिली. अंगणात निम्मं गाव. विजयकुमारनं दाराचा फोटो काढला, दाखला तपासला, सगळ्यांची आधार कार्डं मागून घेतली आणि एकेकाचं तोंड कार्डावरच्या फोटोशी ताडून पाहिलं. ज्ञानबाचं कार्ड त्यानं उलटं करून, सुलटं करून, उजेडाला धरून बघितलं. ज्ञानबा खाली मान घालून उभा होता. सीमा दाराशी होती, हाताची घडी घालून.

"तुमचं नाव?" त्यानं पुढच्या शेजाऱ्याला विचारलं.

"संतराम."

"हे खरे ना?" विजयकुमारनं विचारलं आणि लोक हसले. सीमा हसली नाही.

शेवटी तो ज्ञानबाकडं वळला. "काका, एक रकाना राहिला. आधीचा अहवाल चुकीचा का आला, त्याचं कारण. रिकामा सोडता येत नाही. गैरसमज झाला, असं टाकू?"

सुटका समोर होती. हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. कौशल्याबाईनं डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. ज्ञानबानं एकदा दाराकडं बघितलं. लेक त्याच्याकडं बघत नव्हती, मोटारसायकलकडं बघत होती.

"गैरसमज न्हाई," तो म्हणाला. "तुमी तिचं नाव घेतलं, माजं नाव घेतलं, मला बराबर समजलं व्हतं. लिवा, बापाचा लेकीवर भरोसा न्हवता."

विजयकुमारचा अंगठा मोबाइलवर तसाच थांबला. "असं कसं लिहू? कंपनीला वाटेल, बापाचाच भरोसा नाही म्हणजे मुलीतच काही तरी खोट आहे."

ज्ञानबाला हे सुचलंच नव्हतं. खरं बोलूनही आपण तिचं वाटोळंच करणार की काय, अशी त्याला भीती वाटली. मग तो एकदम मोठ्यानं बोलला, मागच्यांनाही ऐकू जाईल असं.

"मंग पुरतं लिवा. खोट पोरीत न्हाई. पोरगी चोवीस वरसं याच घरात हाय, तिनं कवा मला एक शबुद खोटा सांगितला न्हाई. खोट बापात हाय. मी समद्या दुनियेवर शक घेतो, तिच्यावर बी घेतला. ती सवय वाईट. ते लिवा, अन् खाली माज्या नावानं सही घ्या."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही. द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला. विजयकुमारनं दाराकडं बघितलं. "मॅडम, असं लिहू?"

सीमानं हाताची घडी सोडली. "लिहा," ती म्हणाली. "शब्द बदलू नका."

ज्ञानबानं सही केली. या वेळी काचेवर त्याचं नाव वेडंवाकडं उमटलं. विजयकुमारनं ते पुसून पुन्हा करा म्हटलं नाही.

आठवड्याभरात कंपनीचं पत्र आलं. एक तारीख हुकली होती, पण दहाला हजर व्हा म्हणून कळवलं होतं. सीमानं ते आईला वाचून दाखवलं. ज्ञानबाला ते संतरामकडून कळलं. त्याला ते लागलं. निघायच्या दिवशी त्यानं स्वतः जीप सांगितली, टायर न बघता पुढं बसला आणि हिंगोलीच्या स्टेशनापर्यंत सोबत आला. सीमाच्या पेटीला त्यानं हमालाला हात लावू दिला नाही. हैदराबादची गाडी अर्धा तास उशिरानं होती. बाकावर बाप आणि लेक, मध्ये पेटी.

गाडीची घंटा झाली तेव्हा ज्ञानबानं विचारलं, "सीमे, पाच-सहा महिन्यानं येऊ का एखांदे बारी? तुजी कंपनी बघायला?"

सीमा उठली. पेटीचं कडं तिनं एका बाजूनं धरलं, दुसरी बाजू त्याच्यासाठी सोडली. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच त्याच्याकडं सरळ बघत होती.

"या ना," ती म्हणाली. "फक्त गेटावर वॉचमन इचारील, ही तुमची कोन लागते म्हून. तवा खरं सांगजा, आबा."